घरी जोडलेला संगणक : सुटे भाग जुळत का नाहीत?



इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थकारण अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीत टेबलाखालच्या एका पत्र्याच्या पेटीलाही पान मांडावे, हे कित्येकांना चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या पेटीत आज घराघरांतले हिशेब, मुलांचा अभ्यास, नोकरीधंद्याची कागदपत्रे आणि लग्नमुंजींची छायाचित्रे साठवलेली असतात, ती पेटी हटून बसली म्हणजे घराची काय अवस्था होते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. विषय लहान असला तरी प्रसंग लहान नसतो.

कॉम्प्युटर घेण्याचे दोन मार्ग आहेत. एक, कंपनीने बांधून दिलेला तयार घेणे. दुसरा, सुटे भाग निवडून आणून ते घरी जोडणे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एक फेरी मारली तर या दुसऱ्या मार्गाचे प्रवासी शेकड्यांनी भेटतील. अशा यंत्राला बाजारात ‘असेंबल्ड’ म्हणतात. त्यात पैशाची बचत होते, आपल्या गरजेप्रमाणे भाग निवडता येतात, आणि पुढे एखादा भाग जुना झाला तर तेवढाच बदलता येतो. मात्र या स्वातंत्र्याची एक किंमत आहे. तयार यंत्रात भागांचे एकमेकांशी जुळते की नाही, ही चिंता कारखानदाराची असते. असेंबल्ड यंत्रात ती आपली असते.

येथेच एक भेद पक्का मनात धरावा अशी आमची विनंती आहे. बिघाड आणि बेबनाव या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भाग मोडला, जळला किंवा झिजला म्हणजे तो बिघाड. परंतु प्रत्येक भाग धडधाकट असूनही एकत्र आल्यावर यंत्र चालत नाही, हा बेबनाव. बिघाडावर नवा भाग आणणे हा उपाय आहे. बेबनावावर तो उपाय केला, तर चांगला भाग कचऱ्यात जातो, खिशाला खार लागतो आणि दुखणे जिथल्या तिथे राहते. ‘बोर्ड गेला’ असा निकाल ऐकून नवा मदरबोर्ड आणला आणि तोही तसाच मुका राहिला, अशा हकिकती आम्ही एकाहून अधिक घरांतून ऐकल्या आहेत. म्हणून बेबनाव कोठे कोठे उत्पन्न होतो आणि तो कसा ओळखावा, एवढाच आजचा आमचा विषय आहे.

ही पेटी सुट्या भागांची कशी झाली?

१९८१ सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या आयबीएम कंपनीने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. यंत्र लवकर तयार व्हावे म्हणून या कंपनीने बहुतेक भाग बाहेरून घेतले. प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. इतकेच नव्हे, तर यंत्राच्या जोडणीचे आराखडे तिने पुस्तकात छापून प्रसिद्ध केले. त्यामुळे इतरांना या यंत्रात बसतील असे जादा भाग बनवता येऊ लागले. राखून ठेवलेली गोष्ट मुख्यतः एकच होती: यंत्र सुरू होताना प्रथम जागी होणारी ‘बायोस’ नावाची आज्ञावली. तिची संहिताही छापलेली होती, परंतु तिचा स्वामित्वहक्क आयबीएमचा होता. नक्कल करण्यास मनाई होती.

कॉम्पॅक या नव्या कंपनीने ती अडचण चातुर्याने सोडवली. मूळ संहिता न पाहिलेल्या माणसांकडून, केवळ तिच्या वर्तनाच्या वर्णनावरून, तिने नवी बायोस लिहून घेतली, आणि १९८२ च्या नोव्हेंबरात आयबीएमशी जुळणारे आपले यंत्र जाहीर केले. त्या काळी ‘आमचेही यंत्र जुळते’ असे सांगणारे पुष्कळ होते. पण पुष्कळांची यंत्रे साधे कार्यक्रम चालवीत आणि अवघड कार्यक्रमापुढे मान टाकीत. म्हणून परीक्षक लोटस १-२-३ हा हिशेबाचा आणि फ्लाइट सिम्युलेटर हा विमान उडवण्याचा, असे दोन कार्यक्रम चालवून पाहत. हे कार्यक्रम वेगासाठी मधल्या अधिकृत वाटा टाळून थेट यंत्राशी बोलत. त्यामुळे जुळणी वरवरची आहे की खोलवरची, हे तात्काळ उघड होई.

या जुन्या कथेतील बोध आजही शिळा झालेला नाही. ‘जुळते’ या शब्दाला अनेक थर आहेत. एका थरावर जुळलेली गोष्ट दुसऱ्या थरावर फसू शकते. आमच्या मते हे थर चार आहेत: आकार, वीज, ओळख आणि वाटणी. यांचा क्रमाने विचार करू.

आकार : बसले म्हणजे जुळले नव्हे

पहिली परीक्षा आकाराची. बोर्डाची लांबीरुंदी आणि स्क्रूंची भोके ठरलेल्या मापाची असतात. १९९५ साली इंटेलने मांडलेले ‘एटीएक्स’ हे माप आणि त्याची धाकटी भावंडे आजही रूढ आहेत. ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटपेक्षा लांब निघणे, पंख्याचा मनोरा झाकणाला अडणे, हे दोष डोळ्यांना दिसतात आणि टेपने मोजून आधीच टाळता येतात. त्यांवर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही. एकच सूचना करून पुढे जाऊ. बोर्डाखाली जे पितळी खुंट बसवतात, ते बोर्डाच्या भोकांच्या खालीच हवेत. एखादा खुंट चुकीच्या जागी राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होतो आणि नवे कोरे यंत्र मेल्यासारखे दिसते.

खरा घोटाळा होतो तो वस्तू नीट बसते, पण चालत नाही तेव्हा. रॅमचे उदाहरण घ्या. डीडीआर-३ रॅमला २४० टोके असतात, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोहोंना २८८. त्यांचे विजेचे दाबही निरनिराळे: डीडीआर-३ ला साधारण १.५ व्होल्ट, डीडीआर-४ ला १.२, डीडीआर-५ ला १.१. चुकीची पट्टी चुकीच्या खोबणीत जाऊ नये म्हणून प्रत्येक पिढीची खाच थोडी निराळ्या जागी ठेवलेली असते. खाच हा निर्मात्याने बसवलेला पहारेकरीच होय. तो अडवीत असेल तर जोर लावू नये.

परंतु पहारेकरी प्रत्येक दारावर नसतो. सर्व्हरमधून निघालेली ‘रजिस्टर्ड’ जातीची जुनी डीडीआर-४ रॅम बाजारात स्वस्त मिळते. तिची खाच घरगुती रॅमच्या खाचेसारखीच असल्याने ती आपल्या बोर्डात सुखाने बसते. पण साध्या घरगुती बोर्डाला तिची रीत कळत नाही आणि पडदा काळाच राहतो. रॅम चांगली, बोर्ड चांगला, दुकानदारानेही वस्तू खरीच दिलेली. बेबनाव मात्र पुरता.

एम-२ या नावाच्या चपट्या खोबणीचेही तेच. तीत बसणाऱ्या साठवणपट्ट्या दोन जातींच्या असतात. काही जुन्या साटा रीतीने बोलतात, काही एनव्हीएमई रीतीने. कित्येक खोबणींना यांपैकी एकच रीत समजते. पट्टी बसते, स्क्रू लागतो, आणि यंत्र म्हणते की येथे काही नाही.

ओळख : ११५१ टोकांची गोष्ट

दुसरा थर ओळखीचा. प्रोसेसर बोर्डात बसवला म्हणजे बोर्डावरील बायोसने त्याला ओळखावे लागते. बायोसच्या वहीत ज्याचे नाव नाही, तो प्रोसेसर कितीही उत्तम असला तरी दारातच उभा राहतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण इंटेलच्या ‘एलजीए ११५१’ या खोबणीचे आहे. २०१५ साली ती आली, आणि सहाव्या व सातव्या पिढीचे प्रोसेसर तीत बसत. २०१७ च्या ऑक्टोबरात आठवी पिढी आली. खोबणीचे नाव तेच, टोकांची संख्या तीच ११५१, आकार तोच. तरीही नवा प्रोसेसर जुन्या बोर्डावर चालत नव्हता आणि जुना नव्यावर चालत नव्हता. नव्या प्रोसेसरात गाभ्यांची संख्या वाढली होती; म्हणून पूर्वी राखीव असलेल्या काही टोकांना विजेचे काम दिले गेले, असे कंपनीचे कारण होते. पुढे काही हौशी तंत्रज्ञांनी बायोसमध्ये फेरफार करून आणि काही टोकांची जोडणी बदलून जुन्या बोर्डांवर नवे प्रोसेसर चालवूनही दाखवले. त्यावरून, हा अडसर कितपत विजेचा आणि कितपत व्यापाराचा, असा वाद झडला. तो वाद येथे सोडवण्याची आवश्यकता नाही. ग्राहकाने घ्यावयाचा धडा निराळा आहे: खोबणीचे नाव जुळले म्हणजे काम झाले असे मानू नये, बोर्डाच्या निर्मात्याने प्रसिद्ध केलेल्या यादीत आपल्या प्रोसेसरचे नाव, आणि त्यापुढे बायोसची कोणती आवृत्ती लागते ते, हे दोन्ही पाहावे.

एएमडी कंपनीने याच्या उलट मार्ग धरला. २०१६ साली आलेली तिची ‘एएम-४’ खोबण तिने पुढे पिढ्यान् पिढ्या टिकवली. ग्राहकाच्या दृष्टीने हे औदार्यच. पण औदार्यालाही अडचणी असतात. २०१८ च्या फेब्रुवारीत अंगभूत ग्राफिक्स असलेले नवे रायझन प्रोसेसर आले, तेव्हा दुकानांत पडून असलेल्या बोर्डांवरील बायोस जुन्या होत्या. त्या नव्या करण्यासाठी यंत्र सुरू व्हायला हवे, आणि यंत्र सुरू होण्यासाठी बायोस नवी हवी! विहिरीत उतरण्याचा दोर विहिरीतच पडावा, तसा हा प्रकार होता. शेवटी कंपनीने अडलेल्या ग्राहकांना जुन्या पिढीतील एक साधा प्रोसेसर काही दिवस उसना देण्याची सोय केली. त्यावर यंत्र सुरू करायचे, बायोस नवी करायची आणि उसना प्रोसेसर परत पाठवायचा.

पुढे आणखी एक अडचण आली. बायोस ज्या चिपमध्ये राहते, ती अनेक बोर्डांवर अवघी १६ मेगाबाइटची होती. इतक्या पिढ्यांची नावे त्या लहानशा वहीत मावेनात. काही निर्मात्यांनी जुन्या प्रोसेसरांची नावे खोडून नव्यांना जागा करून दिली. २०२० च्या मे महिन्यात एएमडीने प्रथम जाहीर केले की पुढची पिढी ४०० मालिकेतील बोर्डांवर चालणार नाही. ग्राहकांनी तक्रारीचा गदारोळ केला, तेव्हा त्याच महिन्यात तिने तो निर्णय फिरवला. संघटितपणे आणि मुद्द्याला धरून बोलणाऱ्या ग्राहकाचे ऐकले जाते, याचे हे एक उदाहरण म्हणून लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता अनेक बोर्डांवर अशी सोय असते की प्रोसेसर न बसवताही, केवळ वीज देऊन आणि पेनड्राइव्ह लावून, मागचे एक बटण दाबल्यास बायोस नवी होते. बोर्ड निवडताना या बटणाची अवश्य चौकशी करावी. आणि बायोस बदलत असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा मुका होण्याचा धोका असतो. म्हणून जेथे दिवे जाण्याचा भरवसा नाही, तेथे हे काम यूपीएसवरच करावे.

ओळखीच्याच थरावरचा एक साधा प्रकार पुष्कळांना छळतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘एफ’ हे अक्षर असते, त्यात चित्र काढणारा भाग वापरात नसतो. पहिल्या काही पिढ्यांतील, ‘जी’ अक्षर नसलेल्या बहुतेक रायझन प्रोसेसरांचेही तसेच. असा प्रोसेसर घेऊन मॉनिटरची वायर बोर्डाच्या पाठीमागच्या तोंडात खुपसली, तर चित्र कोठून येणार? यंत्र आतून व्यवस्थित चालू असते. बाहेर मात्र काळोख. वायर ग्राफिक्स कार्डाला लावली की ‘मेलेले’ यंत्र जिवंत होते.

वीज : पोटातला आणि पोटाबाहेरचा प्रश्न

तिसरा थर विजेचा, आणि येथे चूक झाली तर केवळ मनस्ताप होऊन भागत नाही, भाग जळतात. म्हणून येथे कानाला खडा लावून घ्यावा.

एसएमपीएस म्हणजे भिंतीतील २३० व्होल्टची वीज घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्ट बनवणारा डबा. त्यावर छापलेला वॅटचा आकडा पाहून लोक निश्चिंत होतात. परंतु प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचे बहुतेक पोषण १२ व्होल्टवर चालते. तेव्हा १२ व्होल्टच्या रांगेत किती शक्ती आहे, हे डब्याच्या लेबलावरील कोष्टकात पाहावे. स्वस्त डब्यांत मोठा आकडा दर्शनी असतो आणि ही रांग अशक्त असते. मग यंत्र साध्या कामात चालते आणि खेळ किंवा चित्रपटाचे काम सुरू होताच धाडकन बंद पडते. दोष ग्राफिक्स कार्डाला लागतो. अपराधी असतो तो डबा.

दुसरा धोका वायरींचा. काही डब्यांच्या वायरी काढता-घालता येतात. भागाकडचे टोक ठरलेल्या रीतीचे असते. पण डब्याकडच्या टोकात कोणत्या पिनेला किती व्होल्ट, याचा सर्वमान्य नियम नाही. एका डब्याची वायर दुसऱ्या डब्याला लावली तर ती बसतेही, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क क्षणात संपते. त्या डिस्कमध्ये दहा वर्षांची छायाचित्रे असतील तर ती कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत. डबा बदलला की त्याच्या वायरीही बदलाव्या. जुन्या वायरी जुन्या डब्याबरोबरच बांधून ठेवाव्या.

तिसरी गोष्ट आपल्या गावोगावच्या परिस्थितीशी निगडित आहे. चांगल्या एसएमपीएसमध्ये विजेचा वापर सुधारणारी ‘ॲक्टिव्ह पीएफसी’ नावाची रचना असते. आपल्याकडे सर्रास मिळणारे स्वस्त यूपीएस बॅटरीवर आले म्हणजे गुळगुळीत लाटेऐवजी पायऱ्यापायऱ्यांची वीज देतात. या दोघांचे पुष्कळदा पटत नाही. दिवे असेपर्यंत सारे सुरळीत. दिवे गेले की ज्या क्षणासाठी यूपीएस घेतला, नेमक्या त्याच क्षणी यंत्र बंद! यूपीएसची बॅटरी बदलून हे दुखणे जात नाही. शुद्ध लाटेचा, पुरेशा ताकदीचा यूपीएस घेणे हाच त्यावर खात्रीचा उपाय.

वाटणी : एका वाटेवर दोन वाटसरू

चौथा थर वाटणीचा. यंत्रातील वाटा मोजक्या असतात आणि भागांना त्या वाटून घ्याव्या लागतात.

१९८१ च्या मूळ यंत्रात प्रोसेसरचे लक्ष वेधून घेण्यासाठी केवळ ८ वाटा होत्या. १९८४ च्या सुधारित यंत्रात त्या १५ झाल्या. नवे कार्ड बसवताना त्याची वाट लहानशा पिनांवर टोपी सरकवून हाताने ठरवावी लागे. पहिल्या आणि तिसऱ्या सिरियल दाराला चौथ्या क्रमांकाची एकच वाट असल्यामुळे, माउस पहिल्या दारावर आणि मोडेम तिसऱ्या दारावर असला, की मोडेमने बोलायला सुरुवात करताच माउस गोठून जाई. माउस चांगला, मोडेम चांगला, भांडण वाटेचे. १९९० च्या दशकात पीसीआय ही नवी पद्धत आणि ‘लावा आणि चालवा’ ही योजना आली, १९९६ मध्ये यूएसबी आली, आणि ही हातांनी करायची वाटणी यंत्राकडे गेली.

परंतु वाटणी संपली नाही. ती दृष्टीआड झाली. आज अनेक बोर्डांवर दुसऱ्या एम-२ खोबणीत पट्टी बसवली की साटाची एकदोन तोंडे आपोआप बंद होतात, कारण दोघांची वाट एकच असते. गृहस्थ मोठ्या हौसेने नवी वेगवान पट्टी बसवतो आणि जुनी हार्ड डिस्क नाहीशी होते. त्याला वाटते, डिस्क मेली. वस्तुतः डिस्कची वायर शेजारच्या तोंडात लावली की ती पुन्हा हजर होते. कोणते तोंड कोणाशी वाटून घेतलेले आहे, हे बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असते. दुर्दैवाने ही पुस्तिका बहुधा खोक्यातच राहते आणि खोके माळ्यावर जाते.

निदानाची रीत

आता मुख्य प्रश्न. यंत्र जोडले, बटण दाबले, आणि काहीच होत नाही. किंवा होते आणि बंद पडते. काय करावे?

पहिली गोष्ट, थांबावे. नव्या डीडीआर-५ यंत्रात पहिल्या वेळी बोर्ड रॅमशी सूर जुळवीत बसतो. या कामाला काही मिनिटेही लागतात आणि तोवर पडदा काळा असतो. उतावळेपणाने बटण पुन्हा पुन्हा दाबणाऱ्याला ही तालीम कधीच पुरी झालेली दिसत नाही.

दुसरी गोष्ट, यंत्र काय म्हणते ते ऐकावे. सुरू होताना यंत्र स्वतःची तपासणी करते. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि साठवण या चार अवस्थांचे चार लहान दिवे पुष्कळ बोर्डांवर असतात. ज्या अवस्थेवर गाडी अडते, तो दिवा पेटून राहतो. जुन्या बोर्डांवर शिट्ट्या वाजतात. त्यांचा अर्थ प्रत्येक निर्मात्याचा निराळा, म्हणून तो पुस्तिकेतच पाहावा. हा दिवा अपराध्याचे नाव सांगत नाही, चोरीची जागा तेवढी सांगतो. रॅमचा दिवा पेटला म्हणजे रॅमच वाईट असे नव्हे. पट्टी अर्धवट बसली असेल, चुकीच्या खोबणीत असेल, किंवा प्रोसेसरखालची एखादी पिन वाकली असेल.

तिसरी गोष्ट, प्रपंच आवरावा. भिंतीतील प्लग काढून यंत्र बाहेर घ्यावे, बोर्ड पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा, आणि प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी, डबा आणि चित्रासाठी आवश्यक तेवढेच, एवढ्यावर यंत्र सुरू करून पाहावे. चालले, तर एकेक भाग परत जोडीत जावे. ज्या भागाने यंत्र अडेल, तेथे बेबनाव. चारही पट्ट्यांवर न चालणारे यंत्र दोन पट्ट्यांवर चालते, असा अनुभव वारंवार येतो. दोनच पट्ट्या असतील तर बहुतेक चार खोबणींच्या बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खोबणीत बसवायच्या असतात.

चौथी गोष्ट, एका वेळी एकच बदल करावा, आणि तो वहीत लिहावा. वैद्य एकाच दिवशी चार औषधे देऊ लागला तर गुण कोणत्या मात्रेचा आणि अपाय कोणत्या मात्रेचा, हे त्यालाही कळणार नाही. येथेही तसेच. रॅम बदलली, बायोस बदलली, वायर बदलली आणि यंत्र चालू झाले, तर यंत्र चालू झाले खरे, पण ज्ञान काही झाले नाही.

पाचवी गोष्ट, वेगाचा मोह बाजूला ठेवावा. रॅमच्या पट्टीवर छापलेला मोठा वेग हा बहुधा तिचा नेहमीचा वेग नसतो. बायोसमध्ये ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्स्पो’ ही सोय चालू केल्यावर मिळणारा तो वेग असतो. बोर्ड, प्रोसेसर आणि चार पट्ट्या यांना तो झेपेलच अशी हमी नसते. यंत्र मधूनच गोठत असेल, तर ही सोय बंद करून साध्या वेगावर मेमटेस्ट८६ या कार्यक्रमाने रॅम रात्रभर तपासावी. साध्या वेगावर निर्दोष आणि वाढीव वेगावर सदोष, असा निकाल लागला तर रॅम बहुधा नासलेली नसते. तिच्यावर झेपण्यापलीकडचे ओझे असते.

बायोसमधील मांडणीच विस्कटली असेल, तर प्लग काढून बोर्डावरील नाण्याएवढी ‘सीआर २०३२’ बॅटरी काही मिनिटे काढून ठेवावी, म्हणजे मांडणी मूळपदावर येते.

माहिती आधी, यंत्र नंतर

आणखी एक इशारा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबवली, आणि विंडोज ११ ला ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षाव्यवस्था लागते. त्यामुळे जुन्या यंत्रांत बोर्ड आणि प्रोसेसर बदलण्याची लाट घरोघर आली. अशा वेळी जुनी डिस्क नव्या बोर्डाला लावली की दोन प्रसंग संभवतात. एक, डिस्क कुलूपबंद केलेली असेल तर यंत्र ४८ अंकी किल्ली मागते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवलेली असावी. दुसरा, ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉर्मॅट करावी लागेल’ असा प्रश्न पडद्यावर येतो. त्याला ‘हो’ म्हणू नये. यंत्राला डिस्कची बोली कळली नाही, इतकाच त्याचा अर्थ असू शकतो. ‘हो’ म्हणणे म्हणजे बेबनावाचे रूपांतर स्वहस्ते नाशात करणे होय. कोणताही भाग बदलण्यापूर्वी सर्व महत्त्वाची माहिती दुसऱ्या डिस्कवर उतरवावी. हा नियम इतर सर्व नियमांच्या वरचा आहे.

समारोप

शेवटी दुकानदाराविषयी दोन शब्द. त्याच्याकडे गर्दी असते, वेळ थोडा असतो. ‘चालत नाही’ एवढेच सांगितले तर तो अंदाजानेच भाग बदलणार. परंतु ‘एका पट्टीवर चालते, दोनवर अडते, बायोस अमुक आवृत्तीची आहे, रॅमचा दिवा पेटतो’ असे लिहून नेले, तर प्रामाणिक दुकानदाराचे काम हलके होते, आणि अप्रामाणिकाची थाप फार वेळ टिकत नाही. खरेदीपूर्वीही बोर्डाची यादी पाहून, न जुळल्यास भाग परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्यावी.

यंत्राचे सुटे भाग निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या कंपन्यांनी, एकमेकांचे तोंड न पाहता बनवलेले असतात. ते एका पेटीत येऊन बहुतेक वेळा चालतात, याचे श्रेय सर्वांनी मिळून मान्य केलेल्या मापांना आणि संकेतांना आहे. रॅमच्या खाचेची जागा ठरवणारी जेडेक ही संस्था १९५८ सालापासून असलीच कामे करीत आली आहे. जेथे हे संकेत स्पष्ट आहेत तेथे गृहस्थाला स्वातंत्र्य आहे. जेथे ते धूसर आहेत किंवा मुद्दाम धूसर ठेवले जातात, तेथे तो परावलंबी होतो आणि चांगल्या वस्तूंचा कचरा वाढतो. म्हणून पुढच्या वेळी पेटी रुसून बसली तर ‘कोणता भाग मेला?’ असे विचारण्याआधी ‘कोणाचे कोणाशी पटत नाही?’ असे विचारावे, आणि माळ्यावरचे ते खोके उतरवून पुस्तिका वाचायला घ्यावी.